शेक, पथ्य की योग? आतड्याच्या जुनाट दाहातली पोटदुखी

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याच्या जुनाट दाहाचे दोन आजार) असलेल्या अनेकांचं पोट दाह शमल्यावरही दुखत राहतं. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, साध्या गॅसनेही कळ येते. ही तुलना अशाच दुखण्यापुरती आहे. म्हणून आधी डॉक्टरांना विचारून शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची (आतड्यात दाह असला की वाढणारं प्रथिन) तपासणी करा. आकडा २५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेला, तर दाह पुन्हा उठल्याची शक्यता दाट. मग उपाय औषधात शोधायचा. चालू औषधं तर कोणत्याही परिस्थितीत सोडू नका.

शेक सगळ्यांत सोपा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली की कळ ओसरते, रात्र निभते. पण तेवढंच.

माझा कौल लो-फॉडमॅप पथ्याला (आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबून गॅस करणाऱ्या शर्करा टाळायच्या), विशेषतः जेवणानंतर पोट फुगून दुखत असेल तर. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२०मधल्या चाचणीत दाह शांत असलेले ५२ रुग्ण होते. चार आठवडे हे पथ्य पाळणाऱ्यांतल्या ५२ टक्के लोकांना पोटाच्या तक्रारींत पुरेसा आराम पडला, नुसतं नावापुरतं पथ्य दिलेल्यांत १६ टक्के लोकांना. मात्र आतड्यातले काही उपकारक जिवाणूही घटले. म्हणून चार-सहा आठवड्यांनंतर एकेक पदार्थ परत सुरू करायचाच.

आपल्या घरात हे जड जातं, कारण कांदा, लसूण, गहू, चणे, राजमा, दूध सगळंच थांबतं. भात चालतो, ज्वारीची भाकरीही चालते (आतडं अरुंद झालं असेल तर कोंड्याबद्दल आधी विचारा). लसणाची चव हवीच असेल, तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका. लसणातली त्रास देणारी शर्करा, म्हणजे फ्रुक्टन, पाण्यात विरघळते, तेलात उतरत नाही. वजन घटत असेल तर आहारतज्ज्ञाशिवाय या वाटेला जाऊ नका. आधीच खाणं कमी, त्यात आणखी कात्री नको.

ताण वाढला की पोट दुखतं, असं ज्यांचं आहे त्यांनी योग धरावा. जर्मनीत कोलायटिसच्या ७७ रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांच्या योगाने जीवनमान सुधारलं. मोजमाप मुख्यतः जीवनमानाचं होतं, दुखण्याचं नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण खर्च कमी, आणि ताटातलं काही जात नाही.

पथ्य आणि योग एकदम सुरू करू नका, गुण कशाने आला ते कळणार नाही. आणि पोट फुगून उलट्या होत असतील, वारा सरत नसेल, ताप असेल किंवा रक्त पडत असेल, तर शेकत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.