क्विक असिस्ट: फायरवॉलमधनं जातंय, व्हर्च्युअल मशीनपाशी डोकं लावायला लागतंय

रिमोटवरनं कुणाचा पीसी बघायचा म्हटलं की जो तो वेगवेगळं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला सांगतोय, आणि विंडोजवाल्यांचं स्वतःचं क्विक असिस्ट 2016 पासून फुकट आहे ते कुणाला आठवतच नाही. नसलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधनं घ्या, कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाबलं की उघडतंय. माझा वापर म्हणाल तर मामांची फाउंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आणि मी कोल्हापुरात राजारामपुरीत. 2019 ला आणि परत 2021 ला पुराच्या पाण्यानं शिरोलीपाशी हायवे बंद झालेला, तसल्या वेळी तिकडं जायचा प्रश्नच नसतो, बिलिंग मात्र कधीही अडतंय.

चांगलं काय, तर हे फायरवॉलशी, म्हणजे नेटवर्कच्या दारातल्या पहारेकऱ्याशी, भांडत बसत नाही. दोन्हीकडचे पीसी आतनं बाहेर 443 पोर्टवरनं (साध्या वेबसाइटी ज्या वाटेनं उघडतात तीच) मायक्रोसॉफ्टच्या सर्वरला जातात आणि तिथं जोडले जातात, म्हणजे राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा, पब्लिक आयपी घ्या असलं काय लागत नाही. विंडोजचं जुनं रिमोट असिस्टन्स, जे विंडोज एक्सपीपासून होतं, ते समोरच्या पीसीला थेट गाठायला बघायचं आणि राउटरपाशीच मरायचं.

तरीपण कनेक्ट होईना झालं तर पहिल्यांदा मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉटवर चाललं की पीसीला शिव्या देऊ नका, दोष ऑफिसच्या फायरवॉलचा. मामांच्या ऑफिसातल्या फायरवॉलच्या डब्यात एचटीटीपीएस तपासणी चालू होती, म्हणजे मधेच सर्टिफिकेट (सर्वरचं ओळखपत्र) बदलून पुढं पाठवणार, आणि रिमोट अॅक्सेस ही कॅटेगरीच बंद केलेली. पोर्ट उघडा दिसतोय, टेस्ट पण पास, पण मदत करणाऱ्यानं दिलेला कोड टाकला की नुसतं गोल गोल फिरतंय. मायक्रोसॉफ्टनं कुठले पत्ते मोकळे ठेवायचे ते लिहून दिलंय, तेवढे तपासणीतनं वगळायला लावले आणि विषय संपला.

आता खरी गंमत. मामांचं बिलिंग जुनं, विंडोज 7 वरच चालतंय, म्हणून ते व्हर्च्युअल बॉक्सात टाकलंय, म्हणजे नव्या पीसीच्या आत खिडकीत चालणारा एक खोटा पीसी, त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. विंडोज 7 वर क्विक असिस्ट येतच नाही. मग बरेच जण आत जाऊन जुन्या रिमोट असिस्टन्सची इन्व्हिटेशन फाइल बनवून पाठवतात. त्या फाइलीत आतल्या मशीनचा पत्ता असतो, आणि नॅटवर, म्हणजे बाहेरच्या पीसीच्या आडून नेट घेणाऱ्या सेटिंगवर, ठेवलेल्या व्हर्च्युअल बॉक्सात तो बहुतेक 10.0.2.15 असतो, जगातल्या तसल्या सगळ्या मशीनींना तोच. बाहेरनं तिथं पोचणार कसं? घरी पत्र टाकताना पत्त्यावर नुसतं 'कोल्हापूर' लिहिल्यासारखं. ब्रिज्ड केलं, म्हणजे आतलं मशीन थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं, तर ऑफिसच्या नेटवर्कातला वेगळा आयपी मिळतो, पण बाहेरच्याला त्याचा काय उपयोग नाही.

माझा सरळ हिशोब, क्विक असिस्ट बाहेरच्या विंडोजवर चालवायचं आणि त्यातच व्हर्च्युअल मशीनची खिडकी बघायची. आतल्या नेटवर्कशी आपला काय संबंधच उरत नाही, ते बंद असलं तरी चालतंय. फक्त माउस पिसाळतो, इकडं हलवला की तिकडं कोपऱ्यात. त्याला आत गेस्ट अॅडिशन्स (व्हर्च्युअल बॉक्सचंच जोड-सॉफ्टवेअर) टाका, नाहीतर सेटिंगमध्ये पॉइंटिंग डिव्हाइस यूएसबी टॅबलेट करा. आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आत पाठवायचं असेल तर कीबोर्डच्या नादी लागू नका, खिडकीच्या वरच्या मेनूत आहे.

आत विंडोज 10 असेल तर तिथं क्विक असिस्ट थेट चालतं, नॅटवरसुद्धा. पण मशीन सेव्ह करून ठेवलेलं असलं आणि उघडल्यावर आतलं घड्याळ मागं राहिलं असेल तर सर्टिफिकेटवरनं नाटकं होतात. आधी घड्याळ बघा.

आता न आवडलेलं. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतंच, घेणाऱ्याला नाही. कोड 10 मिनिटं टिकतो, आणि मी म्हणणार "मामा, कोड टाका" तर पलीकडनं "आरं थांब, च्या आलाय." गेला कोड. दुसरं म्हणजे विंडोजनं 'परवानगी देताय का' विचारलं की आपल्याकडं स्क्रीन काळी होते, 'हो' समोरच्यानंच दाबायचं. सुरक्षेला हे बरोबरच आहे, पण फोनवर 'काळं झालंय काय, हो दाबा हो' असं ओरडत बसायला लागतंय.

आणि एक, कुणी स्वतःहून फोन करून हे उघडायला सांगितलं तर सरळ फोन ठेवा. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टनंच सांगितलंय की रॅन्समवेअरवाले (पीसीतला डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे) असंच फोन करून क्विक असिस्टमधनं घुसतायत. मामांना सांगून ठेवलंय, माझा आवाज ओळखल्याशिवाय कोड टाकायचा नाही.

5 पैकी 4 स्टार. एक कापला कारण पलीकडं माणूस बसलेला लागतोच, ऑफिस बंद झाल्यावर रात्री आपण एकट्यानं बॅकअप बघायचा म्हटलं तर ह्याचा काय उपयोग नाही, त्याला दुसरं काहीतरी बघा.