दुर्मिळ खनिज म्हणून घरात वाढवलेलं मोरचूद गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा

खनिजांचे नमुने जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. विशेषतः नव्याने सुरुवात केलेल्यांसाठी, कारण हे लोक त्यांनाच गाठतात.

मला विकलेला नमुना दिसायला देखणा होता. बोटभर लांबीचे निळेभोर स्फटिक, खाली पांढरट खडक आणि सोबत शिक्का मारलेलं पत्रक: ‘नैसर्गिक कॅल्कँथाइट, अतिदुर्मिळ, गॉसानमधील प्लेसर शिरेतून.’ विक्रेत्याला खाणीची खोली, शिरेची दिशा सगळं तोंडपाठ. “ताई, खाण बंद झालीय, असा पीस पुन्हा मिळायचा नाही,” हे त्याचं पालुपद. त्याच्याकडून माल घेतलेल्या इतरांशी नंतर बोलले, तेव्हा कळलं की त्यांनाही शब्द न शब्द हेच ऐकवलं होतं.

कॅल्कँथाइट म्हणजे निसर्गात तयार झालेलं मोरचूद. त्यामुळे कठिनता तपासा, रंग पाहा, रासायनिक चाचणी करा. बाटलीत वाढवलेला स्फटिक सगळीकडे पास होतो. पाण्याच्या थेंबात विरघळवून त्यात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांबं चढतं, पण ते खऱ्यावरही चढतं आणि बनावटावरही. ही चाचणी करून दाखवून तो लोकांचा विश्वास मिळवतो, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

खरा फरक असतो तो स्फटिकाच्या ठेवणीत आणि खडकाशी असलेल्या सांध्यात. हे खनिज पाण्यात विरघळतं, त्यामुळे ते टिकतं चिलीतल्या अटाकामासारख्या कोरड्या प्रदेशात, नाहीतर जुन्या तांब्याच्या खाणींतल्या बोगद्यांच्या भिंतींवर, जिथे ताम्रयुक्त पाणी झिरपून सुकत राहतं. तिथे ते बहुतेक वेळा पापुद्र्यांच्या, तंतूंच्या किंवा लोंबत्या कांड्यांच्या रूपात सापडतं. मोठे, धारदार कडांचे, एकसारखे स्फटिक दिसले की आधी संशयच घ्यावा. संपृक्त द्रावणात असे स्फटिक काही आठवड्यांत कोणालाही वाढवता येतात.

माझा नमुना दहापट भिंगाखाली धरला, तर स्फटिकांच्या बुडाशी पारदर्शक, चकचकीत थर दिसला. त्यात बारीक हवेचे बुडबुडे होते आणि जोड झाकायला वरून चेपलेली खडकाची भुकटी. अतिनील टॉर्च मारल्यावर तेवढीच रेघ निळसर पांढरी चमकली. पुष्कळसे गोंद असेच चमकतात. खडकातल्या भेगेत शिरलेलं एकही मूळ नव्हतं. स्फटिकांचं बूड सपाट होतं, भांड्याच्या तळाला टेकून वाढल्यासारखं.

पण भिंग नसतं, तरी ते पत्रक पुरेसं होतं. खाणकामातले भारदस्त शब्द एकापुढे एक ठेवले की समोरचा गप्प बसतो, हा या धंद्याचा हिशेब आहे. गॉसान म्हणजे सल्फाइड धातुकाच्या शिरेचा माथा हवापाण्याने गंजून तयार झालेली तपकिरी, लोहयुक्त टोपी. माझ्या नमुन्याखाली होता स्वच्छ पांढरा खडक, गंजाचा डागसुद्धा नाही. आणि प्लेसर म्हणजे वाहत्या पाण्याने वाहून आणून साठवलेले जड, टिकाऊ कण. सोनं, कथिलाचं धातुक यांचे साठे असे मिळतात. पाण्यात विरघळणारं खनिज प्लेसरमध्ये येईलच कसं? शिवाय शीर असते खडकात, प्लेसर असतं गाळात. ‘प्लेसर शीर’ असं काही नसतंच.

त्याच माणसाच्या यादीत ‘खाणीतलं झिंकाइट’ (जस्ताचं खनिज) म्हणून पारदर्शक नारिंगी स्फटिकही आहेत. असे स्फटिक पोलंडमधल्या जस्ताच्या भट्ट्यांच्या धुराड्यांत तयार झालेले असतात. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनचं नैसर्गिक झिंकाइट बहुधा लाल, दाणेदार असतं. सुटे स्फटिक क्वचितच. मोरपंखी रंगांचं ‘बोर्नाइट’ (तांब्याचं एक खनिज) हेही तो विकतो. त्याला नकळत्या जागी ओरखडा काढून पाहा: आत पितळी पिवळं निघालं, तर ते आम्लाने रंग आणलेलं चॅल्कोपायराइट, तांब्याचं दुसरं, सहज मिळणारं खनिज. बोर्नाइट आतून तांबूस, काशासारखं असतं.

सांध्याचे फोटो पाठवून पैसे परत मागितले, तेव्हा आधी “पॉलिश केलंय” असं उत्तर आलं, मग “प्रवासात तुटलं म्हणून चिकटवलं”, आणि त्यानंतर नंबर ब्लॉक. शिक्क्याच्या पत्रकावर तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं नावच नव्हतं. नमुना नेमका कुठल्या खाणीतला, कोणी काढला, आधी कोणाच्या संग्रहात होता, हे लेखी मागा आणि विकत घेण्याआधी बुडाकडचा जवळून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच सोडा.

असे निळे स्फटिक तुमच्याकडे आधीच असतील, तर विक्रेत्याशी झालेलं बोलणं, पत्रक आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा, तक्रारीला लागतील. स्फटिक बंद डबीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा. मोरचूद विषारी आहे, आणि ही गोष्ट विकताना त्याने कोणालाच सांगितलेली नाही.