सेलेस्टियन सेव्हन्टी ८० आणि चार ओहमची भानगड: गणेश चवथीपासूनचा अनुभव

बारा इंची, आठ ओहमवाला सेव्हन्टी ८० हा गिटार अँपचा स्पीकर गणेश चवथीच्या आधी बसवला, आता शिगमोही (आमची गोव्याची होळी) होऊन गेला. स्पीकर चांगला आहे. त्याची तारीफ नेटवर हवी तेवढी सापडेल. पण ओहमचं (स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप, जितकं कमी तितका अँपवर भार जास्त) नाव काढल्यावर दुकानात काय ऐकून घ्यावं लागतं ते मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

अँप जुना, ट्रान्झिस्टरवाला, १०० वॉटचा गिटार कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. आत दोन बारा इंची स्पीकर, दोन्ही आठ ओहमचे, पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले. तसं जोडलं की ओहम निम्मे होतात, म्हणून अँपला दिसतात चार, आणि मागच्या पत्र्यावर छापलंय तेच: किमान ४ ओहम. आमच्या ऑर्केस्ट्रात आणि जत्रांच्या नाटकांना तो वर्षानुवर्षं वाजला. गेल्या वैशाखात डावा स्पीकर खरखरायला लागला. दोन्ही हातांची बोटं कोनावर (स्पीकरच्या समोरच्या कागदी शंकूवर) गोल ठेवून हलकेच दाबलं, तर आत कॉइल (तारेची गुंडाळी) घासल्याचं बोटांना कळत होतं. आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत हे व्हायचंच. चार दिवसांत तो पूर्ण बंद.

जवळच्या दुकानात गेलो. आठ ओहमचा द्या म्हटलं, तर मालक म्हणतो, "ओहम कितें पळयता? वॉट पळय!" (ओहम काय बघता, वॉट बघा) आणि २०० वॉट लिहिलेलं एक धूड काउंटरवर ठेवलं. ओहमचं स्टिकर अर्धं फाटलेलं. आठच आहे म्हणाला, त्यानेच बसवूनही दिला.

घरी हळू आवाजात सगळं झकास. उत्सवी नाटकात दुसऱ्या अंकाला अँप गप्प. मागच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) हात ठेवला तर चटकाच बसला. दहा मिनिटांनी आपोआप सुरू, मग ऐन प्रवेशात पुन्हा बंद. पेटीवाल्या मामांनी सगळं सावरून घेतलं, पण पडदा पडल्यावर मंडळींच्या नजरा माझ्याकडेच.

दुसऱ्या दिवशी वायरी सोडवून मल्टीमीटर लावला. जुना स्पीकर ६.६ दाखवतो, नवा ३.३. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, त्यामुळे आठ ओहमच्या स्पीकरवर आकडा सहा-सातच्या आसपास येतो आणि चारवाल्यावर तीन-साडेतीन. म्हणजे मला चारचा चिकटवला होता. आठ आणि चार पॅरललमध्ये धरले तर होतात जेमतेम २.७ ओहम. अँपकडून मर्यादेच्या दीडपट करंट ओढला जात होता. तापून प्रोटेक्शनने बंद केला हे नशीब, नाहीतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडाले असते. शिवाय चारवाला स्पीकर आठवाल्याच्या दुप्पट वॉट खातो, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाजही सारखा नाही. २०० वॉटचं लेबल यातलं काहीच सुधारत नाही. वॉट म्हणजे स्पीकर किती सोसेल एवढंच. अँपवर भार किती पडेल ते ओहम ठरवतात.

हे सगळं दुकानात मीटर लावून दाखवलं. मालकाने शांतपणे बिल मागितलं. बिलावर काय? "१२ इंची स्पीकर, १ नग." "आठच मागितला होता कशावरून?" म्हणाला. वापरलेला माल परत नाही, हवं तर त्यातच तीनशे रुपये घालून टॉर्च घ्या. टॉर्च! अर्धा तास भांडलो, एक रुपया सुटला नाही. तेव्हापासून साधा जॅक घेतला तरी त्यावर काय छापलंय ते अक्षरन् अक्षर बिलावर उतरवून घेतो. घरचे हसतात. हसू देत.

पावसाळाभर अँप एकट्या जुन्या स्पीकरवर चालवला. ट्रान्झिस्टरच्या अँपला आठ ओहमचा भार चालतो. ताकद निम्म्याच्या आसपास येते, पण आवाज निम्मा होत नाही, तीनेक डेसिबल उतरतो. सरावाला पुरेसा आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा अँप असेल तर हे गणित उचलू नका. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपशी (४, ८, १६ ओहम अशा वेगवेगळ्या जोडण्यांशी) ओहम जुळवावेच लागतात, आणि स्पीकर न जोडता तो चालू करायचा नाही म्हणजे नाही.

मग कुरियरने सेव्हन्टी ८० मागवला. तो आठ आणि सोळा ओहम अशा दोन प्रकारांत येतो, दिसायला तेच ते, तेव्हा ऑर्डर करताना नीट बघा. एकच घेतला. जोडी घ्यावी असं सगळ्यांचं मत. जुना उजवा धडधाकट असताना मी का टाकू? प्रत्येकाच्या वाट्याला ५० वॉट येतात, हा ८० सोसतो. बसवताना दीड व्होल्टचा सेल लावून दोन्हींचे कोन बाहेरच येतात ना, ते तपासलं. एक उलटा जोडला गेला तर खर्ज गायब होतो.

चवथीला वाजवला तेव्हा आवाज टोचत होता. पाचातले तीन तारे, असं मनात ठरवूनही टाकलं होतं. कार्तिकात मडगावच्या दिंडीच्या सुमाराला ट्रेबल नेहमीच्या जागी आणला तरी कान तक्रार करेनात. कोन सैलावला की माझे कान सरावले, देव जाणे. आता चार तारे. पाचवा मिळणार नाही, कारण हा ९८ डेसिबलचा (एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज देणारा), जुन्यापेक्षा सरळसरळ मोठा, आणि ओहम जुळले तरी हा फरक राहतोच. समोर बसणाऱ्याला डावीकडून जास्त ऐकू येतं. नाटकात माइक नव्याच्या तोंडाशी लावतो, विषय संपला. जोडी तरीही घेणार नाही.

तो चारवाला अजून माळ्यावर पडून आहे. ज्याच्या अँपला एकटा चार ओहमचा स्पीकर लागतो त्याने घेऊन जावा, निम्म्या किमतीत देईन. मीटर लावून दाखवीन आणि पावतीवर ओहम लिहून देईन.