३२,००० किलोमीटरनंतर: टर्बो डिझेल पिकअपमधलं सी३ दर्जाचं ५डब्ल्यू-३० ऑइल

डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, बाहेर काढली, तरी ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वरच. मागच्या वेळी मी स्वतः मापात भरलं होतं आणि मधे थेंबही घातला नव्हता. आधी बरं वाटलं, इंजिन ऑइल पीत नाही म्हणजे तब्येत उत्तम. मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, ऑइल कमी होतं, वाढत कधी नसतं. काडी नाकाशी धरा." धरली. डिझेलचा वास येत होता.

माझी पिकअप टर्बो डिझेल आहे, डीपीएफवाली, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर असलेली. मागे रोपं, कुंड्या, मातीच्या गोण्या. भरून निघायचं आणि दिवसभर चार-पाच किलोमीटरचे तुकडे: थांबा, उतरवा, पुन्हा स्टार्टर मारा. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायची वेळ आली की माझं इंजिन एक्झॉस्ट तापवण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतं. त्यातलं थोडं भिंतीवरून, रिंगांच्या कडेनं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं तिथं, उतरतं. जाळणं पूर्ण व्हायच्या आत मी गाडी बंद करायचे. पुढच्या फेरीत तेच पुन्हा सुरू, आणखी डिझेल खाली.

ते ऑइल काढताना नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ११,००० किलोमीटर चाललेलं ५डब्ल्यू-३०, दर्जा सी२ (सी२, सी३ हे एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेचे दर्जे). अहवालात १०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा दाटपणा, ८.४ सेंटिस्टोक आणि डिझेल साडेचार टक्के. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० तक्त्यात ३० ग्रेड ९.३ पासून सुरू होऊन १२.५ च्या आत संपते. म्हणजे डब्यावर ३० आणि चेंबरमध्ये २०. गाडीचं पुस्तक मात्र १५,००० पर्यंत चालवा म्हणत होतं.

तेव्हापासून मी सी३ दर्जाचं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० वापरते. पुस्तकात सी२ आणि सी३ दोन्ही चालतात असं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे आवडलं ते डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे. पुढे दोन्ही डब्यांवर तेच ५डब्ल्यू-३०. पण १५० अंशांवर, जोरात घासलं जात असताना ऑइलचा थर किती टिकतो याचं एक माप असतं, एचटीएचएस. सी२ ला ते किमान २.९ लागतं, सी३ ला किमान ३.५. ओझं घेऊन चढ चढणाऱ्या गाडीला हा फरक साधा नाही. माझ्या सी३ ची व्हिस्कॉसिटी नवी असतानाच १२.१ आहे, ३० ग्रेडच्या वरच्या काठाला टेकलेली. थोडं डिझेल मिसळलं तरी खाली घसरायला जागा उरते.

टर्बोचा विचार केला की हे जास्त पटतं. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि नेहमीच्या बेअरिंगमध्ये त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. तेच ऑइल उष्णताही वाहून नेतं. चढ संपवून लगेच चावी फिरवली की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण शेजारचं टर्बाइनचं घर तापलेलंच असतं. अडकलेलं ऑइल तिथं भाजून कडक काळा थर धरतं. म्हणून ओझ्यानंतर एखादा मिनिट इंजिन संथ चालू ठेवते. कुठलंही ऑइल घाला, ही सवय सोडू नका.

एक गैरसमज सतत ऐकते: ५डब्ल्यू-३० गार असताना पातळ असतं आणि तापल्यावर घट्ट होतं. तसं नाही. तापलं की प्रत्येक ऑइल पातळच होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. तो आकडा थंडीत इंजिन किती सहज फिरेल ते सांगतो, आणि ३० हा १०० अंशांवरचा हिशोब.

जाडसर १५डब्ल्यू-४० घालून मोकळं व्हा, असंही मला सांगितलं गेलं. जुन्या, डीपीएफ नसलेल्या इंजिनाला ते चांगलं असेल. पण जड वाहनांच्या सीके-४ ऑइलमध्ये सल्फेटेड राख १.० टक्क्यापर्यंत चालते, सी३ मध्ये ०.८ पर्यंतच. काजळी जळून जाते, राख जळत नाही; ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

आता निकाल. सी३ दर ८,००० ला, फिल्टरसकट, चार वेळा बदललं. शेवटच्या अहवालात व्हिस्कॉसिटी १०.९, डिझेल अडीच टक्के, आणि लोखंडाचे कण दर हजार किलोमीटरमागे आधीपेक्षा कमी. सगळं श्रेय ऑइलचं नाही. मी आता आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी पळवते आणि जाळणं चालू असेल तर मधेच थांबवत नाही. दोन्ही बदल एकदम केले, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. ऑइल आठवड्याभरात काळं होतं, तशी तक्रार कुणी करेल. डिझेल इंजिनात ती काजळी असते आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचंच काम आहे. रंगावरून बदलायची वेळ ठरवू नका.

किलोमीटरवरूनही एकट्यानं ठरत नाही. सरासरी ६० च्या वेगानं १५,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २५० तास. माझ्यासारखं सरासरी २५ नं गेलात तर तेच अंतर ६०० तासांचं. मीटर दोघांना सारखंच मोजतो, ऑइल मोजत नाही. डॅशबोर्डवरचा ऑइल लाइफचा टक्का बहुतेक गाड्यांत इंजिनाचे फेरे, तापमान वगैरेंवरून काढलेला हिशोब असतो, चेंबरमधल्या ऑइलची तपासणी नव्हे.

उणं सांगायचं तर डब्याचं तोंड असं आहे की नरसाळ्याशिवाय ओतलं की इंजिनावर सांडतंच. मायलेजमध्ये मला फरक दिसला नाही. पातळ सी२ थोडं जास्त देईल हे तत्त्वानं खरं. आणि पेट्रोल टर्बो पिकअप असेल तर हा लेख बघून हाच डबा उचलू नका. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल टर्बोत कमी फेऱ्यांना, जास्त ओझ्याखाली अवेळी पेट घेण्याचा धोका असतो. त्यासाठी डब्यावर एपीआय एसपी हा पेट्रोल इंजिनांसाठीचा दर्जा लिहिलाय का ते आधी वाचा, आणि ग्रेड तुमच्या पुस्तकातलीच घ्या.

माझा पुढचा नमुना ८,००० लाच जाईल, गरम ऑइलची मधली धार धरून. डिझेल दीड टक्क्याच्या आत आलं तर मुदत १०,००० करेन, नाही आलं तर ८,००० च.