जँगोचा ‘एम्प्टी’ टॅग : आठ महिने वापरल्यावर

नोव्हेंबरात कापूस निघायला लागला तेव्हा आमच्या शेतकरी गटासाठी जँगोत (पायथनमध्ये वेबसाईट बनवायची चौकट) बाजारभावाचं पान बनवलं. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट. प्रत्येक बाजाराचा एक तक्ता, त्यात शेतमाल, आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव. आकडे गटातलाच एक पोट्टा संध्याकाळी भरतो. पहिल्याच रविवारी फोन आला, “भाऊ, साईट काऊन बंद पडली जी?” साईट चालूच होती, बाजार बंद होता. तक्त्याचे मथळे दिसत होते आणि खाली एकही ओळ नाही.

त्या रात्री टेम्प्लेटमधल्या (पानाच्या साच्यातल्या) फॉर लूपमध्ये, म्हणजे नोंदी एकेक करून छापणाऱ्या भागात, एम्प्टी टाकला. हा टॅग १.१ आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून आहे आणि मी आजवर इफ-एल्स (नोंदी असल्या तर हे, नाहीतर ते) लिहीत बसलो होतो. क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून, काहीच आलं नाही तर एम्प्टीखालचा मजकूर दिसतो, एवढंच त्याचं काम. पण फायदा आणखी एक. मी ‘आजच्या नोंदी’ ही मेथड (त्या दिवसाच्या नोंदी आणणारं फंक्शन) आधी इफमध्ये आणि मग फॉरमध्ये बोलवत होतो, म्हणजे तीच क्वेरी दोनदा जात होती. आता एकदाच जाते.

सुरुवातीला तक्त्याच्या आत थेट परिच्छेदाचा टॅग ठेवला, तर ब्राउझरनं तो उचलून तक्त्याच्या वर नेऊन टाकला. पूर्ण ओळ आणि पाच रकान्यांचा कॉलस्पॅन (एकच खण पाचही रकान्यांवर पसरवणं) दिल्यावर जागेवर बसला.

खरा दणका फेब्रुवारीत. त्या मेथडचं नाव बदललं, टेम्प्लेटमध्ये जुनंच राहिलं. जँगोनं एरर दिलीच नाही. नाव सापडलं नाही तरी तो यादी रिकामीच समजतो. दोन दिवस तिन्ही बाजारांत “आज आवक नाही”. भर हंगामात! आमच्या गावचे एक काका भरलेली गाडी दारात उभी करून बसले होते. आता टेस्टमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक नोंद भरून तपासतो की ते वाक्य पानावर दिसता कामा नये.

एकूण आवकेचीही गंमतच. शून्य ओळींची बेरीज शून्य येत नाही, पानावर चक्क ‘नन’ (पायथनचं ‘काहीच नाही’) छापून आलं. किंमत रिकामी असली तर दुसरं काही दाखवणारा डिफॉल्ट फिल्टर लावला, तर त्यानं खऱ्या शून्याच्या जागीही डॅश ठेवला. फक्त ‘नन’च बदलणारा डिफॉल्ट-इफ-नन लावल्यावर सुटलं.

टॅगवर माझा राग एकच : का रिकामं, ते त्याला कळत नाही. रविवार असो की पोट्टा लग्नाला गेलेला असो, वाक्य तेच. म्हणून कारण आता व्ह्यूतून (टेम्प्लेटला माहिती पुरवणाऱ्या कोडमधून) पाठवतो : “बाजार बंद” किंवा “आकडे अजून भरले नाहीत”.

जून लागल्यापासून कापसाची ओळ क्वचितच दिसते, पण साईट बंद पडली म्हणून कोणी विचारत नाही. काल काकांचाच फोन होता, “आकडे भरले नाही म्हणते तुमचं पान. त्या पोट्ट्याले सांगा ना.”