डिंगशूमध्ये घेतलेला ३६०० युआनचा लाल टीपॉट

चीनमध्ये राहणारे किंवा फिरायला येणारे जे मराठी लोक आहेत आणि ज्यांना तिथला मातीचा टीपॉट घ्यायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मी घेतला आणि फसलो, आणि ज्या पद्धतीने फसलो ती पद्धत तुमच्यावरही तशीच वापरली जाणार आहे.

मी शांघायजवळच्या सुझोऊमध्ये नोकरीला आहे, मूळचा पुण्याचा. आपला दूध-साखरेचा चहा सोडून ऊलाँग हा चिनी चहा प्यायला लागलो ते ऑफिसमधल्या लोकांमुळे. दीड वर्ष साध्या पांढऱ्या गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या कपात, चहा केला, छोट्या छोट्या कपात पाच-सहा वेळा पाणी घालून प्यायचा, त्यालाच ते गोंगफू चहा म्हणतात. मग एक चांगला यीशिंगचा पॉट हवा असं डोक्यात बसलं. यीशिंग म्हणजे वूशी या मोठ्या शहराच्या हद्दीतलं शहर, ताइहू तलावाच्या पलीकडच्या काठाला, आणि पॉट बनतात ते त्यातल्या डिंगशू गावात. तिथल्या मातीला झिशा म्हणतात, जांभळी वाळू. पॉटला ग्लेझ नसतं, आतूनही नाही, म्हणजे उकळतं पाणी आणि चहा थेट मातीला लागतो. म्हणून तर लोक एका पॉटमध्ये एकाच प्रकारचा चहा करतात, आणि म्हणूनच ती माती नक्की काय आहे हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, पोटात जाणाऱ्या गोष्टीचा आहे.

ऑक्टोबरच्या मोठ्या सुट्टीत गेलो, बायको पण होती. सकाळी जुन्या गल्लीत फिरलो, पुरातन लाँग्याव म्हणजे टेकडीच्या उतारावर चढत गेलेली लांबलचक भट्टी बघितली, मन एकदम भरून आलं होतं. त्याच मूडमध्ये एका रिक्षासारख्या गाडीवाल्याने विचारलं की खऱ्या उस्तादाचं वर्कशॉप बघायचंय का, दुकान नाही, वर्कशॉप. ही पहिली पायरी. तो माणूस कमिशनवर असतो हे मला नंतर कळलं.

आत गेलो तर दारातच एक कारागीर बाई कामाला बसलेल्या, आणि त्या जे करत होत्या ते शंभर टक्के खरं होतं हे मी आजही सांगेन. यीशिंगचा पॉट परंपरेने कुंभाराच्या चाकावर होत नाही, मातीचा गोळा लाकडी मोगरीने ठोकून ठोकून सपाट पट्टी करतात, ती गोल वळवून टोकं जोडतात आणि मग बाहेरून लाकडी फळीने हळूहळू ठोकत पोटाला गोलाई आणतात, आत बोटांचा आधार देऊन. आम्ही वीस मिनिटं नुसते बघत उभे होतो. नंतर मालकाने आतल्या खोलीत नेलं, चहा पाजला, आणि कपाटातून लाल पॉट काढला. त्या बाईंच्या टेबलावरचा पॉट आणि कपाटातला पॉट यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता, पण माझ्या डोक्यात तो जोडला गेला होता, आणि तो जोडला जावा म्हणूनच त्या बाई दारात बसवलेल्या होत्या.

मग त्याने परीक्षा करून दाखवल्या. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार बंद, बोट काढलं की सुरू. झाकण काढून पॉट टेबलावर उपडा ठेवला तर तोटी, तोंड आणि कान एका रेषेत. बोटाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज. उकळतं पाणी ओतलं तर बाहेरून लगेच सुकला. यातल्या एकाही गोष्टीवरून माती कळत नाही! झाकण नीट बसतं आणि पॉट पक्का भाजलाय एवढंच कळतं, आणि साच्यातला पॉट तर यात जास्तच मार्क मिळवतो.

त्यानंतर गोष्टी सुरू झाल्या. गू जिंगजोउ या उस्तादाचा एक पॉट २०१० मध्ये लिलावात १ कोटी २३ लाख युआनच्या वर गेला, ही गोष्ट खरी आहे. या मातीची ह्वांगलाँगशानची खाण बरीच वर्षं बंद आहे, हीसुद्धा खरी. पण या दोन खऱ्यांच्या मध्ये त्याने आपलं एक खोटं बसवलं, की आमच्या घरात आजोबांच्या वेळची माती साठवलेली आहे आणि हा त्याच मातीचा पूर्ण हाताने केलेला झूनी पॉट आहे, ३०० मिलीचा. झूनी म्हणजे लाल मातीतला भारी प्रकार. किंमत ८८०० होती, ती आमच्या 'मैत्री'खातर ३६०० वर आली, आपल्या पैशात ४० हजारांच्या वर. सोबत सर्टिफिकेट, त्यावर चमकणारं स्टिकर, उस्तादाचा फोटो, पदवी, तळाला शिक्का, झाकणाच्या आत शिक्का. पैसे मी भिंतीवरचा नाही तर त्याच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड स्कॅन करून दिले. फापियाव म्हणजे सरकारी बिल मागितलं तर म्हणाला सुट्टीत सिस्टिम बंद आहे, आणि हाताने चिठ्ठी लिहून दिली, त्यावर लिहिलं "हस्तकला वस्तू, एक नग".

आई पैठणी घेताना पहिले पदर उलटून बघते, दुकानदार कितीही गोड बोलत असला तरी. मी तेवढंही केलं नाही, आत टॉर्च मारून बघितलं नाही.

घरी पहिल्यांदा उकळतं पाणी भरलं तर बुटाच्या पॉलिशसारखा वास. पांढऱ्या कापडाने पुसलं तर कापड लालसर. दोन दिवस पाणी बदलत ठेवला तरी वास गेला नाही, म्हणून आमच्या टीममधल्या सिनियर बाईंच्या वडिलांना दाखवला, ते चाळीस वर्षं हेच पॉट वापरतायत. त्यांनी पॉट उपडा न करता आधी मोबाइलचा टॉर्च आत मारला. कुठेही हत्याराची खूण नाही, कानाच्या मागे आतून जोड असतो त्याचा मागमूस नाही, सगळं काचेसारखं एकसारखं. मग तोटीच्या खाली नखाने एक बारीक उभी रेघ दाखवली, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात ती. ते म्हणाले की चांगले कारागीर आतली खूण पुसूनही टाकतात, त्यामुळे एकट्या जोडावरून ठरवू नकोस, पण झूनी भाजताना खूप आकसते, तिच्यावर बारीक सुरकुत्या येतात, म्हणून ते पॉट बहुतेक लहान असतात, आणि हा एवढा मोठा, इतका गुळगुळीत आणि इतका भडक लाल, हे जमत नाही. खरी झिशा रवाळ असते, ती पातळ करून साच्यात ओतता येत नाही, त्यासाठी तिच्यात वॉटरग्लास म्हणजे सोडियम सिलिकेट हे रसायन घालावं लागतं आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडं. २०१० मध्ये सीसीटीव्हीने, म्हणजे चीनच्या सरकारी टीव्हीनेच, या रंग घातलेल्या मातीवर रिपोर्ट दाखवला होता. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, यातून पिऊ नकोस.

सर्टिफिकेटवरचा उस्ताद मात्र खरा निघाला, पदवीसुद्धा खरी! ऑफिसमधल्या त्या सिनियर बाईंनी या उस्तादाच्या स्टुडिओला फोटो पाठवले तर उत्तर आलं की हा आमचा पॉट नाही आणि शिक्काही आमचा नाही. म्हणजे नाव शोधून "माणूस अस्तित्वात आहे" एवढं बघून थांबू नका, त्या पॉटचा फोटो त्याच माणसाकडे पाठवून विचारा, आणि ते पैसे देण्याच्या आधी.

दुकानदाराला वीचॅटवर लिहिलं तर आधी म्हणाला तुम्हाला वापरता येत नाही, मग ब्लॉक. १२३१५ ला तक्रार केली, हा ग्राहक तक्रारीचा नंबर आहे. इथल्या कायद्यात फसवणूक सिद्ध झाली तर किंमत परत आणि वर किमतीच्या तिप्पट भरपाई मिळते, आणि ऑनलाइन घेतलं असेल तर बहुतेक वस्तू ७ दिवसांत कारण न देता परत करता येतात, पण दुकानात स्वतः जाऊन घेतलेल्याला तो ७ दिवसांचा नियम लागत नाही. फोनवरचा माणूस खूप नीट बोलला, पण माझ्याकडे फापियाव नाही, पैसे दुकानाच्या नाही तर कुणाच्यातरी वैयक्तिक खात्यात गेलेले, आणि चिठ्ठीवर झूनी नाही, हातकाम नाही, उस्तादाचं नाव नाही. हस्तकला वस्तू, एक नग. तडजोडीत ८०० युआन मिळाले, बाकी गेले. बायकोला पैशापेक्षा त्या दारातल्या बाईंचं जास्त वाईट वाटलं, इतकं सुंदर काम आणि ते आमिष म्हणून वापरलेलं, आणि मलाही आता तेच वाटतं.

चिठ्ठीवर मातीचं नाव, पूर्ण हातकाम की साच्याच्या मदतीने, आणि बनवणाऱ्याचं नाव लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर उठून या. साच्याच्या मदतीने पण खऱ्या मातीत केलेला पॉट वाईट नसतो, तो त्याच नावाने आणि त्याच भावात विकला पाहिजे एवढंच.

पॉट, बॉक्स, सर्टिफिकेट सगळं मी ठेवलंय. सुझोऊ-शांघायकडचं कुणी डिंगशूला जाणार असेल तर आधी आमच्याकडे चहाला या, तो पॉट हातात घेऊन आत टॉर्च मारून बघा, ती तोटीखालची रेघ एकदा नखाला लागली की दुकानात शोधता येते.