ईडेलचा ग्रुप वॉक आणि नंतर पबमधलं जेवण, नक्की जा!

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ नॅशनल पार्कमध्ये ग्रुपसोबत चालायचं असेल तर शेफिल्डहून ट्रेन पकडून सरळ ईडेलला या, गाडी काढायची गरजच नाही, स्टेशनपासूनच चालायला सुरुवात. हॉलिन्स क्रॉस या खिंडीपर्यंतचा चढ दम काढतो पण एकदा धारेवर आलं की मॅम टॉर डोंगरापर्यंत (५१७ मीटर) फरसबंदी वाट आहे, एका हाताला ईडेलचं खोरं, दुसऱ्या हाताला कॅसलटन गाव, नुसतं बघत राहावं. हा डोंगर सतत खचतो, त्यापायी खालचा मेन रोड १९७९ मध्ये कायमचा बंद करावा लागला. सह्याद्रीत फिरलेल्यांना उंची किरकोळ वाटेल, पण वारा भयंकर असतो राव, विंडचीटर हवाच. आमच्या लीडर बाई फार छान, मागे राहिलेल्यांसाठी थांबायच्या, मेंढ्यांमुळे प्रत्येक फाटक लावलंय ना ते स्वतः बघायच्या.

शेवटी गावातल्या पबमध्ये संडे रोस्ट, म्हणजे रविवारचं भाजलेल्या मांसाचं जेवण. यॉर्कशायर पुडिंग (गोड नाही, पिठाचं भाजलेलं वाटीसारखं असतं) कडेने कुरकुरीत, मधल्या खळग्यात गरम ग्रेव्ही, भिजून आल्यावर अजून काय पाहिजे! व्हेजवाल्यांनी मात्र ऑर्डर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नट रोस्ट (मांसाऐवजी सुक्यामेव्याचा भाजलेला प्रकार) लवकर संपतो.